खिशाला परवडेल, प्रकृतीला मानवेल

‘हवापालट करा’ हा सल्ला एके काळी डॉक्टरांच्या तोंडी हमखास असे. आजारातून उठलेला रोगी असो, बाळंतपणाने थकलेली सून असो की कामाच्या रगाड्याने चिडचिडा झालेला कारकून असो, औषधाच्या पुडीबरोबर हा सल्ला मिळायचाच. आता औषधे वाढली, तपासण्या वाढल्या आणि हवापालट मात्र मागे पडला. हवापालट म्हणजे गाडी, हॉटेल, चार दिवसांची रजा आणि पंधरा-वीस हजारांचा चुराडा, असे समीकरणच होऊन बसले आहे. ‘डॉक्टर, आमच्यासारख्यांना कुठले परवडायला!’ हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

वाचकहो, आजचा लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. माझा दवाखाना गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, काका किंवा मुलगी-जावई गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागात असतात. सुट्टीत आपण त्यांच्याकडे येता, चार दिवस घरात बसता, एखादा सिनेमा बघता, बाजारहाट करता आणि पित्ताची तक्रार घेऊन गावी परतता! त्याऐवजी हेच चार दिवस समुद्राच्या सोबतीने कसे घालवावेत आणि तेही प्रकृती सांभाळून, हे पाहू.

दहा मिनिटांवरचा समुद्र

ठाकूरद्वारहून पश्चिमेला चालू लागले आणि रेल्वेचे रूळ पादचारी पुलावरून ओलांडले की दहा-बारा मिनिटांत समुद्र समोर येतो. तरीही आमच्या चाळींतून राहणाऱ्या कित्येकांना तो वर्षातून एकदाच दिसतो. पंचावन्नच्या आसपास वयाच्या एक बाई माझ्याकडे मधुमेह आणि रक्तदाबासाठी येतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचा संसार. मी विचारले, ‘चौपाटीवर शेवटच्या कधी गेला होता?’ म्हणाल्या, ‘अनंत चतुर्दशीला.’ ‘आणि त्याआधी?’ ‘त्याआधीच्या अनंत चतुर्दशीला!’

त्या दिवशी त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या नावाखाली मी ‘चौपाटी, रोज संध्याकाळी अर्धा तास, यजमानांसह’ असे लिहून दिले. बाई हसल्या, पण जाऊ लागल्या. तीन महिन्यांनी साखर खाली आली. त्यात औषधाचा वाटा किती आणि चालण्याचा किती, याचा हिशेब मी मांडत बसलो नाही. पण ‘आता रात्री झोप लागते आणि घरात माझा आवाज चढत नाही,’ हे त्यांनी आपणहून सांगितले. एका खोलीत पाच जणांनी राहायचे तर हा फायदाही लहान नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. मुलांना रोज तासभर तरी हुंदडायला हवे. मध्यम गती म्हणजे किती? चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी! घड्याळ लागत नाही की यंत्र लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी रक्तातील साखरेची चढण कमी होते. मधुमेहींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पैसा न लागणाऱ्या वाटा

पहिली वाट गिरगाव चौपाटी ते नरिमन पॉइंट. समुद्रात भराव घालून केलेला हा मरीन ड्राइव्हचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. सपाट, बसायला जागोजागी कट्टा, चढ-उतार नाही. गुडघेदुखीवाल्यांना आणि हृदयविकारातून सावरणाऱ्यांना यापेक्षा सोयीचा रस्ता शोधून सापडणार नाही. दमलात तर कट्ट्यावर बसा. पूर्वेला ओळीने उभ्या असलेल्या गोलाकार सज्ज्यांच्या इमारती पाहा. ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि इथल्या या वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले आणि त्यांच्यावर इथेच, या वाळूत अंत्यसंस्कार झाले. नातवंडांना तिथे उभे करून ही हकीकत सांगा. पाठ्यपुस्तकातील धडा असा पायाखाली आला की विसरत नाही.

दुसरी वाट चढाची, म्हणून धडधाकट माणसांसाठी. चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ चढून बाणगंगेला जावे. समुद्र इतका जवळ असूनही या तलावाला गोड्या पाण्याचा झरा आहे, याचे मुलांना फार नवल वाटते. पायऱ्यांवर शांत बसावे. तिथून मलबार हिलच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन. पाण्याच्या मोठ्या टाक्यांवर १८८१ च्या सुमारास ही बाग उभारली गेली. समोरच कमला नेहरू पार्क आणि त्यातला ‘म्हातारीचा बूट’. तीन पिढ्यांनी त्यात डोके घातलेले आहे! मार्च २०२५ पासून याच टेकडीच्या झाडीतून जाणारी, लाकडी फळ्यांची, अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर लांबीची उन्नत पायवाट महापालिकेने खुली केली आहे. सुरू झाली तेव्हा तिचे तिकीट २५ रुपये होते. पक्ष्यांचे आवाज ऐकत जावे आणि टोकाशी उभे राहून चौपाटीची कमान पाहावी.

तिसरी वाट गल्लीबोळांची. ठाकूरद्वारजवळच खोताची वाडी आहे. लाकडी जिने, ओटे आणि कौलारू घरांची ही वाडी पाहताना कोकणातल्या एखाद्या गावात आल्यासारखे वाटते. तिथे लोक राहतात, तेव्हा मोठ्याने बोलू नये आणि घरांत डोकावू नये. पुढे केशवजी नाईक चाळ लागते. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये तिथे झाला. तिथून गावदेवीकडे वळले की लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान. एवढे सगळे पाहायला पायी दोन-अडीच तास पुरतात आणि खर्च होतो तो चहाचा!

लांबून येणाऱ्यांसाठी चर्नी रोड स्थानक जवळ आहे. लोकलचे साध्या डब्याचे किमान तिकीट आजही ५ रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही गिरगावात थांबू लागली आहे.

समुद्रापलीकडची सहल

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर गेटवेहून बोटीने घारापुरीला जावे. तासाभराचा जलप्रवास, मग सुमारे सव्वाशे पायऱ्या आणि मग ती भव्य त्रिमूर्ती. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वी आठवावे. पायऱ्या एका दमात चढू नयेत. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की दोन मिनिटे थांबावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम असे काही वाटले तर ‘गॅसेस असतील’ म्हणून पुढे जाऊ नये. खाली बसावे आणि सोबतच्यांना सांगावे.

घारापुरीला माकडे फार. हातात खाऊ धरून चालू नये. माकडाने ओरबाडले किंवा चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची यातले काहीही लावू नये.

दुसरी सहल अलिबागची. गेटवेहून मांडव्याला बोटी जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे. ती आकाराने मोठी असल्याने कमी डुलते. ज्यांना बोट लागते त्यांनी तिचा विचार करावा. एस.टी.नेही जाता येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

अलिबागचा कुलाबा किल्ला शिवछत्रपतींनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजीराजांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. ओहोटीला तिथे चालत जाता येते. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. अलिबागेतच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या नोंदींत गडबड होऊ नये यासाठी १९०४ मध्ये ती कुलाब्याहून इकडे आणली गेली. वरसोली, आक्षी, नागाव, किहीम हे किनारे थोड्या थोड्या अंतरावर आहेत. सुरूच्या बनात चटई टाकून पडावे, घरून आणलेली भाजी-पोळी खावी, संध्याकाळची बोट पकडावी. त्या रात्री झोपेच्या गोळीची आठवणही होणार नाही.

भरती-ओहोटीचे पाऊणकी गणित

किल्ल्यात जाऊन भरतीत अडकलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. ते गणित सोपे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे तीनाने गुणून चाराने भागायचे. येईल तो भरतीचा तास. उदाहरणार्थ, चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करावी.

यावरून असे दिसेल की सकाळी किल्ला पाहायचा तर तृतीया ते पंचमी सोयीची आणि दुपारी पाहायचा तर एकादशी ते त्रयोदशी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते. तेव्हा पाणी पुरते ओसरत नाही आणि वाटेत गुडघाभर पाणी राहू शकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. पाणी दूरवर ओसरते, पण परत येतानाही ते झपाट्याने येते. या गणितात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना किंवा पहारेकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळण्याआधी किनाऱ्याला परतावे.

पाय सांभाळा!

आता सर्वांत महत्त्वाचे. वाळूत अनवाणी चालण्याची हौस सर्वांनाच असते. पण मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना हळूहळू कमी होते, आणि ती कमी झाल्याचेही कळत नाही! माझे एक रुग्ण, निवृत्त ड्रायव्हर, सतरा वर्षांचा मधुमेह. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात लेकीकडे कोकणात गेले. भर दुपारी चपला हातात घेऊन नातवाबरोबर किनाऱ्यावर फिरले. नातू ‘आजोबा, चटका बसतो’ म्हणून कडेवर चढून बसला. आजोबांना मात्र काहीच जाणवले नाही. रात्री दोन्ही तळव्यांना फोड आलेले दिसले. फोड फुटले, घरगुती लेप झाले आणि आठ-दहा दिवसांनी ते माझ्याकडे आले तेव्हा उजव्या पायाची जखम हाडापर्यंत पोचली होती. रुग्णालयात एक बोट काढावे लागले. पाय वाचला हे त्यांचे नशीब. नातवाला जो चटका बसला तो आजोबांना का बसला नाही, या प्रश्नात मधुमेहाचे सगळे दुखणे आले.

म्हणून मधुमेहींनी हे नियम पाळावेत:

१) वाळूत, खडकावर, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. मागे पट्टा असलेल्या बंद चपला किंवा बूट वापरावेत. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत.

२) घरी परतल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. फोड, काप, लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

३) खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाल्यास तीन-चार चमचे साखर ताबडतोब खावी, पंधरा मिनिटे बसावे आणि मग पोटाला काही खावे.

४) इन्शुलीन घेणाऱ्यांनी ते उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. सहलीच्या दिवशीचे जेवण आणि मात्रा यांचा मेळ आधीच डॉक्टरांना विचारून घालावा.

ऊन, पाणी आणि मासे

किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून ऊन जाणवत नाही. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत राहते. मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर फिरावे. डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे ही पहिली खूण. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि वेळ न दवडता रुग्णालयात हलवावे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पिण्यासाठी घरचे पाणी न्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. जुलाब किंवा उन्हाचा थकवा असेल तेव्हा ती घोटघोट द्यावी. एरवी कोकम सरबत, ताक उत्तम. रक्तदाबवाल्यांनी मीठ बेताचे ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते.

गिरगाव चौपाटीचे पाणी पाहण्यासाठी आहे, डुंबण्यासाठी नाही. शहराचे सांडपाणी याच समुद्रात मिसळते. शिवाय २०१३ च्या गणेशविसर्जनात इथे पाकट माशांचे काटे लागून अनेक भाविक जखमी झाले होते. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना उतरतात. काटा खोल रुतला असेल तर ओढून काढू नये, डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या जेलीफिशचा डंख झाल्यास वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन मग गरम पाण्याचा शेक द्यावा. मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात तर मुळीच उतरू नये.

बोट लागणाऱ्यांनी उपाशीपोटी किंवा तुडुंब खाऊन बसू नये. बोटीच्या मधोमध बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, आल्याचा तुकडा चघळावा. आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पुन्हा डझनाहून अधिक जीव गेले. जाकीट गरम होते, फोटो चांगला येत नाही, या सबबी बुडणाऱ्याच्या कामाच्या नाहीत.

दमेकऱ्यांनी हिवाळ्यात सकाळी धुरकट हवा असेल तर बाहेर पडण्याची घाई करू नये. समुद्र धुक्याआड दिसेनासा झाला असेल त्या दिवशी घरातच हातपाय हलवावेत.

चार दिवसांचा बेत

आता हे सगळे एकत्र कसे बसवायचे? पहिल्या दिवशी संध्याकाळी चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह, सवय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी खोताची वाडी, केशवजी नाईक चाळ, मणिभवन. तिसऱ्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी बाणगंगा किंवा मलबार हिल, ज्याची जशी झेप. चौथ्या दिवशी घारापुरी किंवा तिथी पाहून अलिबाग. बोटीचा आणि प्रवासाचा खर्च सोडला तर बाकी तीन दिवस घरात बसून वडे मागवण्याइतकाही खर्च होत नाही. नेहमीच्या गोळ्या चारही दिवस वेळेवर घ्याव्यात. ‘सहलीला आलोय, चार दिवस राहू दे’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे महाभाग मी दरवर्षी पाहतो.

आणि गावी परतल्यावर? आपल्या गावाला समुद्र नसेल तर नदीचा घाट असेल, तळ्याची पाळ असेल, देवीची टेकडी असेल. आमच्या चाळीतल्या बाईंसारखे आपणही तिथे शेवटचे कधी गेला होता, ते एकदा आठवून पाहा. उत्तर ‘जत्रेला’ असे आले, तर आज संध्याकाळीच चपला घाला. सोबत घरातल्या एखाद्या माणसाला घ्या, म्हणजे दोघांचे काम होईल.